कोण गेलं?

घंटा संथ वाजायला लागली की आजीचा हात थांबायचा. अंगणात बसून ती लाल माठाच्या जुड्या बांधत असायची, पहाटेच्या गाडीने दादरला जायच्या. केळीच्या सोपटाची गाठ अर्धवट सोडून ती कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावायची आणि कान देऊन बसायची. एक ठोका. मग एक 'नमो मरिया' म्हणून होईल एवढी शांतता. मग दुसरा ठोका. तिसऱ्या ठोक्यापर्यंत शेजारच्या वाडीतला रहाट थांबलेला असायचा आणि कुंपणापलीकडून हाक यायची, "कोण गेलं?" आजी मला पिटाळायची, "जा गं, चर्चपाशी विचारून ये."

मी धावत सुटायची. चर्चच्या पायरीशी माझ्यासारखीच चार पोरं जमलेली असायची. दोर हातात धरलेले काका वाजवता वाजवताच सांगायचे: वाडीचं नाव, माणसाचं नाव, कोणाचा मुलगा, कोणाची सून. ते नाव तोंडात धरून मी परत पळायची आणि वाटेत जो विचारेल त्याला सांगायची. मी घरी पोचेपर्यंत आजीने चुलीवर मोठं पातेलं चढवलेलं असायचं. मेलेल्याच्या घरी चूल पेटणार नाही, तिथे चहा न्यायला हवा. कोणाच्या घरी न्यायचा, ते मी सांगायचं.

वसईच्या किनाऱ्यालगतचं हे गाव. इथेच मी वाढले आणि आजही इथेच राहते. आमचा दिवस तेव्हा घंटेवर बांधलेला होता. पहाटेची घंटा झाली की फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या स्टेशनची वाट धरत. दुपारी बाराच्या घंटेला बाबा विहिरीच्या काठावर टोपी काढून उभे राहत. संध्याकाळच्या घंटेला पोरांनी उंबऱ्याच्या आत असायलाच हवं, आणि हा नियम शेजारच्या भंडारी-कोळ्यांच्या घरांतही तसाच चाले. आंजेलुसशी, म्हणजे या तीन घंटांना म्हणायच्या प्रार्थनेशी, त्या घरांचा संबंध नव्हता, पण "घंटा झाली, चला घरी" ही हाक सगळ्या आयांची सारखीच होती.

हे सगळं परत आठवायचं कारण म्हणजे आमच्या पॅरिशला, म्हणजे गावच्या चर्चला, आलेलं एक पत्र. गावाच्या वेशीवर, जिथे मिठागराकडे जाणारी वाट होती, तिथे आता सात-सात मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. तिथल्या रहिवाशांनी लिहिलं होतं की पहाटे साडेपाचला चर्चची घंटा वाजते, लहान मुलं दचकून उठतात, रात्रपाळी करून आलेल्यांना झोप मिळत नाही, तरी कृपया विचार व्हावा. पत्राची भाषा अदबीची होती. रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, ते हॉलमध्ये वाचून दाखवलं, आणि हॉल पेटला. "आम्ही आधीपासून आहोत, ते काल आले." "उद्या म्हणतील मिस्साही बंद करा." "घर घेताना कान बंद होते का?" एरवी मुंगीलाही न दुखवणारी माणसं त्या दिवशी तावातावाने बोलत होती.

मला त्यांचं दुखणं कळत होतं. वाड्या गेल्या, विहिरींचं पाणी मचूळ झालं, महापालिका आली, टँकर आले. एकेक गोष्ट हातातून सुटत गेलेल्या माणसांना वाटलं की आता हे घंटेपर्यंत येऊन पोचले. पण "आम्ही आधीचे" हा मुद्दा मला पटला नाही आणि मी तसं उभं राहून सांगितलं. वसईत आधी कोण, हे काढायला बसलं तर गाडी सोपाऱ्याला सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखापर्यंत जाईल. आधी येण्याने घंटेला हक्क मिळत असेल, तर तो हक्क आपल्याही हातात फार वेळ टिकत नाही.

आणि कायद्याचं म्हणाल, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि निवासी भागात त्या वेळेत मर्यादा ४५ डेसिबलची. साडेपाच हे त्या हिशोबाने रात्रीतच येतात. ज्या बायका साडेपाचला टोपल्या घेऊन निघत, त्या आता गावात उरलेल्या नाहीत. मग ती वेळ आपण कोणासाठी धरून ठेवली आहे?

हा वाद आमच्या एकट्या गावाचा नाही. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकजवळच्या वेडन्सविल गावात रात्री दर पाव तासाला वाजणाऱ्या घंटेविरुद्ध एक जोडपं थेट देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २०१७ साली न्यायालयाने घंटेच्या बाजूने निकाल दिला. फ्रान्सने तर २०२१ च्या जानेवारीत कायदाच केला की खेड्यातले आवाज आणि वास हे त्या प्रदेशाच्या वारशाचा भाग आहेत. शहरातून खेड्यात राहायला आलेल्यांनी कोंबड्याच्या आरवण्यावरून खटले भरले होते, त्यातून हे निघालं. हे वाचून आमच्यातले काही जण खूश झाले. मला मात्र त्या निकालांत आपल्या कामाचं फार थोडं सापडलं. घंटेला न्यायालयाने राखलं म्हणून ती कोणाची होत नाही.

खरं सांगायचं तर पत्र आलं तेव्हा आमच्याकडे घंटा वाजतच नव्हती. वाजत होतं ते रेकॉर्डिंग.

काही वर्षांपूर्वी मनोऱ्याचं लाकूड वाळवीने खाल्लं. दोर ओढणारे काका थकले होते. त्यांच्या मुलाला वसई-चर्चगेट करून रात्री नऊला घरी यायचं, तो कुठून दोर ओढणार? मग कोणीतरी सुचवलं आणि मनोऱ्याला चार कर्णे बसले. खाली एका कपाटात छोटी पेटी; तिला वेळ लावून ठेवली की कुठल्यातरी परदेशी चर्चच्या घंटांचा नाद आपोआप गावभर पसरतो. स्वच्छ, गोड, दर वेळी तोच. पेटीत अंत्यविधीच्या घंटेचंही एक बटण होतं.

त्या बटणाने काय केलं, ते लक्षात यायला मला दोन वर्षं लागली. एका दुपारी संथ घंटा वाजली. मी ओट्यापाशी होते. माझा हात थांबला नाही. मोबाईल उचलला, पॅरिशच्या ग्रुपवर आधीच फोटो आला होता, फुलं आणि मेणबत्तीच्या चौकटीत. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग लागली होती. मी एक खूण टाकली आणि फोडणीकडे वळले. ज्या बाई गेल्या होत्या, त्यांनी मला सुकेळी करायला शिकवली होती, साल काढलेली केळी उन्हात कशी फिरवायची ते हाताला धरून. संध्याकाळी अंत्यविधीला गेले, पण दुपारी त्यांच्या घरी चहा कोणी नेला नव्हता. कुठल्याच घरातून मूल चर्चच्या पायरीकडे धावलं नव्हतं. पायरीशी सांगायला माणूसच नव्हता.

हाताने वाजवलेल्या घंटेत आणि त्या पेटीत फरक काय, असं मला एका तरुण मुलाने मनापासून विचारलं होतं. आवाज तर आवाजच. मी त्याला मनोऱ्यात घेऊन गेले. आमची घंटा वाळवी लागलेल्या तुळईवर अजून तशीच टांगलेली आहे, हिरवट पडलेली. कांस्याची, म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथील वाढलं तर धातू ठिसूळ होतो आणि कमी पडलं तर आवाज बसका येतो, म्हणून ओतणाऱ्याचा सगळा हात त्या मापात. मी त्याला लोलक हाताने धरून हळूच आपटायला सांगितला. घंटेतून एकच सूर निघत नाही. एका ठोक्यात चार-पाच सूर एकदम उठतात, आणि त्यांत एक नेमका कोमल गंधाराच्या जागेवर बसतो. म्हणून लग्नाला वाजली तरी चर्चच्या घंटेच्या पोटात किंचित उदास काहीतरी असतं. वरचे सूर लगेच विरतात. सगळ्यांत खालचा खर्ज मात्र मागे राहतो, इतका की कान त्याला सोडतो तरी तळहात घंटेवर ठेवला तर तो हाताला लागतो. त्या मुलाने तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

काका दोर ओढत तेव्हा त्यांच्या हातावरून कळायचं. ओळखीचं माणूस गेलं असेल तर दोन ठोक्यांमधलं अंतर वाढायचं. बाळ गेलं तर ते वाजवताना थांबून जात. आजी म्हणायची, "आज त्याच्याच्याने ओढवत नाहीये." पेटीला हे जमणार नाही, कारण तिला कोण गेलं हे माहीत नाही. स्पेनमधल्या हाताने घंटा वाजवण्याच्या परंपरेला युनेस्कोने २०२२ साली मानवतेच्या वारशात जागा दिली. त्या नोंदीत भर हाताने वाजवण्यावरच आहे, ते मला फार योग्य वाटलं. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये आणि पुण्याच्या पवित्र नाम देवालयात आठ-आठ घंटांचा संच आहे. तो इंग्रजी पद्धतीने वाजवायचा तर आठ माणसं आठ दोर धरून एकमेकांचं ऐकत उभी राहावी लागतात. एकाने चुकवलं की आठही चुकतात.

घंटा जुन्या जगाची, आताच्या वस्तीत तिला जागा नाही, असं जे म्हणतात त्यांना मला मेणवलीला न्यावंसं वाटतं. वाईजवळ कृष्णेच्या काठी नाना फडणविसांचा वाडा आहे. घाटावर, देवळाशेजारी एका लहानशा दगडी घुमटीत एक मोठी घंटा टांगली आहे. वजन ६५० किलोच्या आसपास सांगतात, साल १७०७. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला, तेव्हा किल्ल्यातल्या आणि आसपासच्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. ही त्यांतलीच. पालीच्या बल्लाळेश्वराची तिथलीच सांगतात. नाशिकच्या नारोशंकराची तर मराठीत सगळ्यांना माहीत. ते देऊळ १७४७ चं, गोदावरीच्या काठावर. नाशिककर पूर मोजतात नदीतला दुतोंड्या मारुती किती बुडाला त्यावरून, पण अगदीच मोठा पूर असला की घंटेचं नाव निघतं.

मी मेणवलीला पहिल्यांदा गेले ते शाळेच्या सहलीबरोबर, मुलांना घेऊन. घंटेजवळ गेले आणि पाय थबकले. कांस्यावर मेरी होती, कडेवर बाळ येशू. इतक्या वर्षांच्या वाऱ्यापावसाने तिचा चेहरा गुळगुळीत झाला आहे, नाक जवळजवळ उरलेलं नाही, पण बाळाला धरायची तिची पद्धत तीच, जी आमच्या वेदीवर आहे. माझ्या गावची बाई मला परगावी भेटावी तसं झालं. थोडं दुखलंही. आमच्या लोकांचा तो पराभव होता, आणि त्या पराभवाच्या आधी पोर्तुगिजांनी इथल्या देवळांचं काय केलं तेही मला माहीत आहे. दोन्ही डोक्यात घेऊन मी उभी होते. तेवढ्यात नदीवरून एक म्हातारी ओलेत्याने वर आली. तिने देवाला पाणी घातलं आणि तांब्यात उरलेलं पाणी घेऊन घंटेपाशी आली. चार थेंब मेरीच्या पायाशी शिंपडले, हळदीकुंकवाचं बोट लावलं आणि गेली. कोणाची मूर्ती आहे हे तिने कोणाला विचारलं नाही. बाई आहे, कडेवर लेकरू आहे, एवढं तिला पुरलं.

पणजीच्या चर्चची मोठी घंटाही अशीच फिरलेली. ती मूळची जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाची, ज्याचा आता एक मोडका मनोरा तेवढा उभा आहे. मठ बंद पडला, चर्च ओसाड पडलं, घंटा आग्वादच्या दीपगृहात गेली. तिथे तीस वर्षं दर्यावर्दींच्या सोबतीला राहिली आणि १८७१ साली पणजीच्या त्या पांढऱ्या पायऱ्यांच्या वर चढली. भिक्षूंची, मग खलाशांची, मग शहराची. त्याच जुन्या गोव्यात, से कॅथेड्रलच्या मनोऱ्यात 'सुवर्ण घंटा' आहे. तिचा आवाज फार गोड म्हणून नावाजतात, आणि इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या धर्मन्यायालयाच्या, काळात माणसांना शिक्षेसाठी बाहेर काढताना तीच वाजे असंही सांगतात. घंटा म्हटलं की माझ्या मनात आजी येते. त्या काळी त्या गल्ल्यांत राहणाऱ्या कोणाच्या मनात काय येत असेल, याचाही विचार मला करावा लागतो. पत्र लिहिणाऱ्यांकडे मी गेले ती हे सगळं मनात घेऊनच.

पत्रावर पहिली सही होती ती एका नर्सबाईंची. कराडकडच्या. इस्पितळात नाइट ड्युटी, मूल अडीच वर्षांचं. दार उघडल्यावर आधी घाबरल्या, वाटलं भांडायला आलेय. मी सुकेळीचं पुडकं पुढे केलं. चहा झाला. मग त्या म्हणाल्या, "ताई, मला घंटेचा राग नाही हो. ती कशासाठी वाजते हेच मला चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. कळलं असतं तर वेगळं वाटलं असतं." मी सांगितलं. तिन्हीसांजेची कोणती, मिस्साची कोणती, माणूस गेल्यावरची कोणती. त्यांनी विचारलं, "म्हणजे मंगळवारी दुपारी वाजत होती ती…?" मी नाव सांगितलं. त्या गप्प झाल्या. त्या आजींना दोन महिने इंजेक्शन द्यायला याच जात होत्या. वेशीवरच्या त्यांच्या घरात ती घंटा ऐकू आली होती, आणि आवाज कमी करावा म्हणून त्यांनी खिडकी लावून घेतली होती.

"आमच्याकडे कोणी गेलं की आळीत चूल पेटवत नाहीत, मयत उचलेपर्यंत," त्या म्हणाल्या. "इथे कोण कधी गेलं तेच कळत नाही."

त्यानंतर पॅरिशमध्ये तीन बैठका झाल्या. सगळं काही गोडीने झालं असं नाही, दोघा-तिघांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, ते ईस्टरला परत बोलायला लागले. पहाटेची घंटा आता सव्वासहाला आहे. कर्णे काढले. तुळई बदलली, सागवानी. बारा ते सतरा वयाची सहा मुलं-मुली पाळीपाळीने दोर ओढतात, आणि वेशीवरच्या दोन सोसायट्यांच्या सूचनाफलकावर मराठीत आणि हिंदीत लिहून लावलं आहे की कोणत्या घंटेचा अर्थ काय. अंत्यविधीची घंटा कोणासाठी आहे ते नाव, वाजवणारा खाली उतरून चर्चच्या फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहितो. माझा आग्रह होता की फोटो ग्रुपवर त्याच्या आधी टाकायचा नाही. तो आग्रह अर्धा पाळला जातो.

या वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात मला घंटेचं आणखी एक अंग नव्याने दिसलं. गुरुवारच्या संध्याकाळच्या मिस्सात महिमागीताला घंटा वाजते आणि मग गप्प होते, ती थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत. मधल्या वेळात लाकडाची खटखट तेवढी. पेटीच्या काळात ही शांतता कोणाला जाणवलीही नसेल. या वेळी शुक्रवारी दुपारी नर्सबाईंचा फोन आला. "आज बाराची झाली नाही. दोर तुटला का?" मी सांगितलं, येशू मरणात आहे, घंटा दुखवट्यात आहे. शनिवारी रात्री महिमागीताला मुलांनी दोर ओढला तेव्हा वेशीवरच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर दिवा लागला. मूल जागं झालं असणार. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याची तक्रार केली नाही, पण मी माफी मागितली, कारण अकरा वाजले होते आणि मूल अडीच वर्षांचं आहे.

दोर मात्र खरोखरच तुटायला आला होता. पावसाळ्याआधी बदलायला हवा म्हणून मागच्या आठवड्यात मी बंदरावरच्या जाळ्यांच्या दुकानात गेले. दुकानदाराने निळा नायलॉन पुढे टाकला.

"बोटीला ना?"

"नाही. घंटेला."

"कोणत्या?"

मी चर्चचं नाव सांगितलं. त्याने नायलॉन उचलून ठेवला. "हा नको. घामेजल्या हातातून सटकतो, पोरांचे हात सोलतील. सुताचा ने." मग आतून जाड पांढरी गुंडाळी काढली. "जमिनीवरचा वारा असला की तुमची घंटा आम्हाला बोटीवर येते. मध्ये बंद होती ना? ती कर्ण्यातली नाही येत लांबवर. किती वाव देऊ?"

मला माहीत नव्हतं. चर्चमध्ये फोन लावला. फोन नर्सबाईंनी उचलला. मुलांबरोबर त्या वर मनोऱ्यात होत्या, ड्युटीवरून परस्पर आलेल्या. जुना दोर जमिनीवर पसरून त्यांनी कोपरापासून बोटापर्यंत मोजला, मोठ्याने, मध्ये एकदा चुकून परत पहिल्यापासून.

"चोवीस हात," त्या म्हणाल्या.

"म्हणजे सहा वाव," दुकानदार म्हणाला आणि दोन्ही हात पसरून गुंडाळी सोडायला लागला. "वरच्या गाठीला अर्धा जास्त धरतो."